पहिल्या येणाऱ्याच्या नावावर

त्या नकाशाघरात सकाळी सगळ्यात आधी कोण येतं, यावर कधी कुणी पैज लावली नाही. हरायला तयार असलेला माणूस मिळायला नको? सातला दार उघडायचं आणि सात वाजून पाच मिनिटांनी घड्याळकाका खुर्चीत बसलेले असायचे. शिपाई दिवे लावायला रेंगाळला तर अंधारातच बसायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांना ते घड्याळकाका. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, वेळ बघायची असेल तर भिंतीकडे बघू नकोस, काकांकडे बघ.

काम होतं शहराच्या नळांचं. रस्त्यांखालून कुठला नळ कुठे जातो, कुठे वळतो, त्याची चावी कुठे आहे, याचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पिवळे कागद कपाटांत पडून होते. ते एकेक बाहेर काढून कॉम्प्युटरवर नव्याने काढायचे. अकरा माणसं दोन वर्षं खपत होती आणि तरी निम्मं शहर बाकी होतं. काका त्यांतले सगळ्यात जुने. इतरांनी काढलेले नकाशे ते तपासत, चुकलेला असेल तो पुसून टाकत, म्हणून सगळ्यांच्या कामावर हात फिरवायची मुभा त्यांना एकट्यांना होती.

लवकर येण्याचं कारणही साधंच होतं. सातला आलं की तीनला सुटता येतं, आणि साडेतीनला नातीची शाळा सुटते. नात सहा वर्षांची, तिला ते चिमणी म्हणत. चिमणीची आई, म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, दवाखान्यात नर्स होती. तिचा संसार मोडला होता, नवरा दुसऱ्या गावी राहत होता, आणि पोर कुणाकडे राहणार याचा वाद कोर्टात चालू होता. नवऱ्याचं म्हणणं, आई दिवसभर ड्यूटीवर, पोरीकडे बघतं कोण? तेव्हा काका कोर्टात आपणहून उठून उभे राहिले होते. "मी बघतो. साडेतीनला मी शाळेच्या फाटकापाशी असतो. रोज." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि निकाल लागेपर्यंत पोर आईकडे ठेवली. ऑफिसला हे सगळं पाठ होतं, कारण काका ते आठवड्यातून एकदा तरी सांगत, आणि दर वेळी 'रोज' या शब्दावर टेबलावर बोट आपटत.

या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायला एक बाई होती. तिला सगळे सिस्टिमबाई म्हणत. पस्तिशीची, हुशार, कामाला वाघ, आणि अजून कंत्राटावर. पुढे जे झालं ते तिच्यामुळे झालं, म्हणून ही गोष्ट तिचीच म्हणायला हवी.

सगळ्यांचं काम एका मोठ्या डिस्कवर असायचं. डिस्क आतल्या थंड खोलीत, हॉलमधले कॉम्प्युटर तारेने तिला जोडलेले. डिस्कवर प्रत्येकाचा एक खण. आपल्या खणात काहीही करा. दुसऱ्याच्या खणातलं बघता येईल, पुसता येणार नाही. सिस्टिमबाईने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, "घाबरू नका. जे तुमचं नाही ते तुम्हाला पुसताच येणार नाही, सिस्टिमच नाही म्हणेल." झालं, लोकांना आयतंच मिळालं. एखाद्या भागाची यादी उघडली की सगळ्यांच्या खणांतल्या त्या भागाच्या फायली एकत्र दिसायच्या; आपल्या जुन्या फायली काढताना कुठली आपली आणि कुठली नाही हे बघत बसायचे कष्ट कोण घेतो? सरसकट सगळ्या यादीवर पुसायचं बटण दाबायचं. आपलं जायचं, दुसऱ्याचं राहायचं, चाळणीने चाळल्यासारखं. असली साफसफाई जगात दुसऱ्या कुठल्या ऑफिसात कुणी करत नसेल, पण इथे ती रीतच पडून गेली होती.

हॉलच्या टोकाला मोठ्या पडद्याचा एक कॉम्प्युटर होता आणि त्यालाच नकाशे छापायचं यंत्र लावलेलं होतं. अख्खा नकाशा एकत्र बघायचा तर तिथेच जावं लागे. दिवसभर माणसं तिथे एकामागून एक बसत आणि उठत. प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, मग तो कॉम्प्युटर त्या नावाने डिस्क जोडून घ्यायचा आणि माणूस उठला की सोडून द्यायचा. या जोडण्या-सोडण्याला चार-चार मिनिटं लागायची. लोक कुरकुरायला लागले. साहेबांनी एकदा भर हॉलमध्ये तिला झापलं, "तुमच्या सिस्टिमपेक्षा कपाटातून कागद काढून आणणं परवडलं."

तिने त्याच दुपारी त्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. सकाळी जो पहिला बसेल त्याच्या नावाने डिस्क जोडायची आणि संध्याकाळपर्यंत सोडायचीच नाही. नंतर बसणाऱ्याला तो कॉम्प्युटर नाव-पासवर्ड विचारायचा, पण आतल्या डिस्कपर्यंत त्यातलं काही पोचायचं नाही. डिस्कला वाटायचं, सकाळचाच माणूस अजून बसलाय. चार मिनिटांचं काम चार सेकंदांवर आलं. साहेब म्हणाले, "शाब्बास." तिने आपल्या वहीत लिहिलं, 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करणे.' तात्पुरतं म्हणून केलेलं काम किती टिकतं हे ज्याला ठाऊक नाही त्याने ऑफिसात दिवस काढलेलेच नाहीत. पाच महिने गेले आणि ती ते साफ विसरली.

मग एके दिवशी नदीकाठच्या भागाचे दोन नकाशे गायब झाले. डिस्क स्वतःची एक रोजनिशी ठेवते, कुणी, किती वाजता, काय केलं याची. तिला लॉग म्हणतात. सिस्टिमबाईने लॉग उघडला तर नाव काकांचं. काका हसले. "माझ्याच हातून गेलं असेल गं. चष्म्याचा नंबर वाढलाय." दर रविवारी सगळ्या कामाची एक प्रत वेगळी काढून ठेवलेली असायची, तिच्यातून तिने ते दोन्ही परत आणून दिले आणि विषय संपला.

महिन्याभराने जुन्या बाजाराचा अख्खा भाग गेला. लॉगमध्ये परत काका. या वेळी ते हसले नाहीत. चष्मा कालच बदललाय, एवढंच म्हणाले. त्यानंतर ते प्रत्येक काम झालं की कागदाच्या तुकड्यावर लिहून ठेवायला लागले: 'अकरा नंबर तपासला. बंद केला.' टेबलाच्या कडेला त्या तुकड्यांची गड्डी वाढत गेली. पोरं पाठीमागे हसायची, घड्याळाला किल्ली द्यायची वेळ आली म्हणायची.

तिसऱ्यांदा पूर्व भाग गेला. तीन माणसांचं चार दिवसांचं काम, रविवारच्या प्रतीत नसलेलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी खात्याला द्यायचं. वेळ दुपारची एक वाजून दहा मिनिटं, नाव काकांचं. साहेबांनी चौकशी लावली.

साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी काकांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि लॉगचा छापलेला कागद पुढे सरकवला. सिस्टिमबाई बाजूला उभी होती.

"काका, तिन्ही वेळा तुमचंच नाव आहे. काय म्हणता?"

काकांनी कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. "मला आठवत नाही साहेब."

"आठवत नाही म्हणजे केलं नाही, की केलं आणि आठवत नाही?"

काकांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग मान वळवून त्यांनी सिस्टिमबाईकडे पाहिलं. "तू सांग गं पोरी. यात कधी चूक होते का?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. "लॉग खोटं बोलत नाही काका," ती म्हणाली. वाईट हेतूने नाही म्हणाली. विचारलं म्हणून, आणि तसंच शिकली होती म्हणून. त्या मोठ्या कॉम्प्युटरची स्वतःची वेगळी नोंद असते, कोण बसलं आणि कोण उठलं याची. ती उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. तिने उघडली नव्हती.

काकांनी मान डोलावली. "माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं," ते साहेबांना म्हणाले. "आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. मग एक दिवस दाढीचं सामान आणायला गेला आणि तीन दिवसांनी सापडला. तेव्हा तो माझ्याच वयाचा होता." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी राजीनाम्यासाठी कोरा कागद मागितला. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी चार शब्द बोलून एक पेन दिलं. तीन वाजले तसे सगळे सवयीने काकांकडे बघायला लागले, पण ते खुर्चीतच बसून होते.

"काका, शाळा सुटेल ना," सिस्टिमबाई म्हणाली.

"मी नाही जात आता. मुलगी सुट्टी टाकून जाते या आठवड्यात."

"का हो?"

"दोन रस्ते ओलांडायचे असतात गं. माझ्या हातात पोरीचा हात असतो. मधेच मी विसरलो, तर?"

तिला फार वाईट वाटलं. घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की म्हातारपण शत्रूलाही येऊ नये.

काका गेल्यावर सगळ्यात आधी येण्याचा मान ट्रेसिंगवाल्या मावशींकडे गेला. मावशी जाडजूड, बोलघेवड्या. सातच्या ऐवजी साडेआठला यायच्या, पण बाकीचे त्याहून उशिरा येत म्हणून पहिल्या. दोन आठवड्यांनी एका बुधवारी त्या दुपारी बाराला दाढ काढायला गेल्या. आणि त्याच दिवशी संध्याकाळी स्टेशनमागच्या वस्तीचा नकाशा सापडेना.

"आता तर काकाही नाहीत," कुणीतरी म्हणालं. "आता काय भूत पुसतंय का?" सगळे हसले. सिस्टिमबाईही हसत हसत लॉग उघडायला आतल्या खोलीत गेली.

तीन वाजून दहा मिनिटं. नाव ट्रेसिंगवाल्या मावशींचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी मावशी डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून बसल्या होत्या. सिस्टिमबाई त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिला आठ महिन्यांपूर्वीची आपली ओळ आठवली. तिने त्या मोठ्या कॉम्प्युटरची नोंद काढून लॉगशेजारी ठेवली. तीन दहाला तिथे बसलेला माणूस खिडकीजवळचा तरुण होता, आपल्या जुन्या फायली साफ करत होता, सगळ्या यादीवर बटण दाबून. एरवी सिस्टिमने त्याला नाही म्हटलं असतं. पण मोठ्या कॉम्प्युटरवरून जो बसेल तो सकाळच्या पहिल्या माणसाचे अधिकार घेऊन बसत होता. त्यात दोन आठवड्यांपूर्वी काकांच्या जागी तपासणीचं काम मावशींकडे आलं होतं, आणि त्याबरोबर सकाळी मोठ्या पडद्यापुढे पहिलं बसणं आणि सगळ्यांचं पुसायची मुभाही.

मग तिने काकांचे दिवस काढले. तिन्ही वेळा मोठ्या पडद्यापुढे दुसरंच कुणी होतं. तिन्ही वेळा वेगवेगळं माणूस, तिन्ही वेळा साफसफाई. त्यांतल्या एकालाही आपण काय केलं याचा पत्ता नव्हता. आणि लॉगची पानं ती जसजशी मागे उलटत गेली तसतसं तिला आणखी एक दिसलं. रोज तीनच्या ठोक्याला निघून जाणारे काका लॉगमध्ये रोज सहा वाजेपर्यंत काम करत होते. चारला, पाचला, पावणेसहाला. सात महिने, एकही दिवस न चुकता. कुणीही, अगदी कुणीही, एकदा ती पानं वाचली असती तरी कळलं असतं. वाचायचं काम तिचं होतं.

विसरली होती ती, आणि विसरभोळे ठरले काका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे फास वळून देणारी चोरच होती.

चूक दुरुस्त करायला तिला पाऊण तास लागला. तिने ती ओळ काढून टाकली. आता जो बसेल त्याच्यासाठी डिस्क त्याच्याच नावाने वेगळी जोडली जायची, दुसऱ्याला ती दिसायचीही नाही, आणि माणूस उठला की जोड तुटायची. वेळ वाचवायचा उपायही सापडला. चार मिनिटांचे दहा सेकंद झाले. हे आठ महिन्यांपूर्वीही जमलं असतं. स्टेशनमागचा नकाशा तिने रविवारच्या प्रतीतून परत आणला आणि हॉलमध्ये सांगितलं, डिस्कमध्ये जरा बिघाड होता, आता ठीक आहे.

साहेबांना सांगायला ती दारापर्यंत गेलीही. आत साहेब फोनवर होते. ती परत फिरली. महिनाअखेरीला, पुढच्या शुक्रवारी, तिला कायम करायचं पत्र मिळायचं होतं; पाच वर्षं तिने त्या पत्राची वाट पाहिली होती. झाकली मूठ आहे, राहू दे तशीच, तिच्या मनाने सांगितलं. काकांचे तसेही आठच महिने उरले होते. कुणी काढलं नव्हतं त्यांना, स्वतःहून गेले. आता घरी निवांत असतील. पत्र एकदा हातात पडू दे, मग मी स्वतः जाऊन सांगेन, साहेबांनाही आणि त्यांनाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्याएवढा वकील कुणी नाही.

सोमवारी मावशी काकांना भेटून आल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसल्या.

"बघवत नाही गं," त्या म्हणाल्या. "घरभर चिठ्ठ्या लावल्यात. गॅसवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी. आणि या शुक्रवारी कोर्टाची तारीख आहे पोरीची. म्हणे मी उभा राहून खरं काय ते सांगणार, की आता माझ्या भरवशावर पोर ठेवू नका. लेक रडते, पाया पडते, पण ऐकत नाहीत. म्हणतात, 'मी एकदा शब्द दिला होता, आता तो पाळता येत नाही, तर तोही मीच परत घ्यायला हवा.'"

सिस्टिमबाईने हातातला घास परत डब्यात ठेवला. "या शुक्रवारी?"

"या शुक्रवारी."

चार दिवस होते. एक फोन पुरला असता. त्या दिवशी संध्याकाळी तिने फोन हातात घेतला आणि ठेवला. मंगळवारी नंबर लावला आणि पहिली घंटा वाजताच तोडला. बुधवारी तिने स्वतःला सांगितलं, कोर्टाची तारीख म्हणजे काय, पुढची तारीख. या खटल्याच्या तारखा आजवर सहा वेळा पुढे गेल्या होत्या, काकाच वैतागून सांगायचे. शुक्रवारीही तेच होणार. शुक्रवारी संध्याकाळी पत्र मिळेल, शनिवारी सकाळी मी त्यांच्या दारात. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?

शुक्रवारी संध्याकाळी पाचला साहेबांनी तिच्या हातात पत्र ठेवलं आणि हात मिळवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शनिवारी सकाळी दार काकांच्या मुलीने उघडलं. ड्यूटीचे कपडे घातलेले, पण जायच्या घाईत नव्हती. घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठी होती: 'किल्ली घेतली का?' काका खिडकीजवळ बसले होते. दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. तिला पाहून त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, जणू आपण ओळखतोय ते बरोबर आहे ना, याची खात्री करून घ्यायला.

"सिस्टिमबाई," ते म्हणाले. "बरोबर ना?"

"हो काका. चिमणी कुठे आहे?"

"तिच्या वडिलांकडे," मुलगी म्हणाली. "काल निकाल लागला. संध्याकाळीच घेऊन गेले."

सिस्टिमबाई उंबऱ्यातच थांबली. तिथूनच परत फिरावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. भेटायला आले होते म्हणायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. कुणाला कधी कळलं नसतं. तिच्या बाजूने एवढं तरी सांगायला हवं की ती फिरली नाही. ती स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. डिस्क, मोठा पडदा, ती ओळ, सकाळी पहिला येणारा माणूस. सोबत आणलेले दोन्ही नोंदींचे कागद तिने काकांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

काकांनी चष्मा लावला आणि चाळीस वर्षं नकाशे तपासले तसे ते कागद तपासले. बोट ओळीवरून ओळीवर फिरत होतं.

"म्हणजे पूर्व भाग माझ्या हातून गेला नाही?"

"नाही काका."

"आणि जुना बाजार?"

"तोही नाही. तिन्ही वेळा तुम्ही नव्हता. तुम्ही सगळ्यांच्या आधी येत होता, म्हणून सगळ्यांचं तुमच्या नावावर पडत गेलं. दुसरं काही नाही."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. ते उठून उभे राहिले, मुलीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? मी नव्हतो!" आणि मग खोलीत नजर फिरवून, कुणाला हे सांगायचं होतं ते आठवल्यासारखे, हळूच परत खाली बसले.

मुलगी मात्र सिस्टिमबाईकडेच बघत होती. "तुम्हाला हे कधी कळलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. "मागच्या बुधवारच्या आधीच्या बुधवारी," सिस्टिमबाई म्हणाली.

मुलीने मनात दिवस मोजले. "म्हणजे तारखेच्या नऊ दिवस आधी."

"हो."

ती ओरडली असती, हाताला धरून बाहेर काढलं असतं, तर सिस्टिमबाईला सोपं गेलं असतं. तिने तसं काही केलं नाही. आत जाऊन कागद आणि पेन आणलं. "लिहून द्या," ती म्हणाली. "जे आत्ता सांगितलंत ते सगळं. तारखांसकट, सहीसकट."

सिस्टिमबाईने लिहिलं. ओळ कधी बदलली, का बदलली, चौकशीत आपण काय म्हणालो, चूक कधी कळली, आणि कळूनही तारखेपर्यंतचे नऊ दिवस आपण गप्प बसलो, हेसुद्धा. हे पत्र कोर्टात गेलं की साहेबांच्या टेबलावरही येणार आणि कालचं पत्र परत जाणार, हे तिला दिसत होतं. तरी लिहिताना तिचा हात थांबला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला छातीत जरा मोकळं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

मुलीने कागद दोनदा वाचला आणि घडी घातली. मग ती वडिलांपुढे जमिनीवर बसली, त्यांचे दोन्ही गुडघे हातांत धरून.

"बाबा, वकिलाला आजच फोन करते. निकालाविरुद्ध अपील करता येतं, मुदत आहे अजून. हे पत्र जोडू. पण तुम्हाला परत उभं राहावं लागेल. ते विचारतील, पोरीला सांभाळाल का. पहिल्यांदा विचारलं होतं तसंच. काय सांगाल?"

काकांनी हातातले कागद एकावर एक नीट लावले.

"बाबा?"

"मंगळवारी दूध उतू गेलं," काका म्हणाले.

"कुणाचंही जातं हो दूध उतू. माझं जात नाही का?"

"आणि गुरुवारी मी जिना उतरून खाली गेलो आणि कशाला आलो तेच आठवेना. तिथेच उभा राहिलो. शेजारच्यांनी वर आणून सोडलं."

"भीतीने झालं ते, बाबा. तीन आठवडे झोपलाय कुठे तुम्ही?"

"असेल," काका म्हणाले. "नसेलही. मला कसं कळणार?"

मुलीने डोळे पुसले आणि आवाज शांत ठेवून परत विचारलं, लहान मुलाला विचारतात तसं. "बाबा, यात तुमची काही चूक नव्हती. लिहून दिलंय यांनी. आता फक्त एक सांगा मला, मनापासून. पोरीला सांभाळाल ना?"

काकांनी मान हलवली. मग सिस्टिमबाईकडे हात केला.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "हिला विचार. हिच्याकडे सगळं लिहिलेलं असतं."

आणि ते तिच्या तोंडाकडे बघत, खरंच उत्तराची वाट बघत बसले.